मामा वाटेवर असताना

आमच्या शाळेत शनिवारी सकाळची शाळा असे आणि तिचा शेवटचा तास मी गोष्टींसाठी राखून ठेवला होता. त्या तासाला पुस्तक उघडायचे नाही, फळ्यावर काही लिहायचे नाही. ज्याला गोष्ट येते त्याने पुढे येऊन सांगायची आणि इतरांनी ऐकायची, एवढाच नियम. लहान मुलाला सलग चार वाक्ये नीट बोलता यावीत यासाठी गोष्टीइतके चांगले साधन मला आजही ठाऊक नाही. गोष्ट सांगणाऱ्याला आधी काय आणि नंतर काय हा क्रम सांभाळावा लागतो, ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते, आणि राजकन्या कितीही संकटात असली तरी आपण श्वास कोठे घ्यायचा हे ठरवावे लागते.

काळ नव्वदच्या दशकाचा मधला. मी बोळिंजला नव्याने झालेल्या एका वसाहतीत राहत होते आणि जूचंद्रजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवत होते. लोकलने नायगावला उतरून पुढे रिक्षाने जावे लागे. वर्गात दोन तऱ्हेची मुले होती. काही गावातली, भातशेती आणि मिठागरे पाहत वाढलेली. काही नव्या इमारतींमधली, ज्यांचे आईवडील कोकणातून, देशावरून किंवा मुंबईतल्या जुन्या खोल्या सोडून तेथे आलेले. मी स्वतः देशावरची.

गोष्टींच्या पहिल्या तासाला इमारतींमधल्या मुलांनी भराभर हात वर केले. गावातल्या एकाही मुलाने केला नाही. त्यांना गोष्टी येत नसतील असे मला वाटेना, कारण मधल्या सुट्टीतली त्यांची बोलणी मी ऐकली होती. कारण विचारले तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. शेवटी पहिल्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, दिवसा गोष्ट सांगितली का मामा वाट चुकतो.”

ही समजूत मी लहानपणी ऐकली होती आणि विसरूनही गेले होते. आमच्या घरी ती कोणी पाळत नसे. या गावात मात्र ती पाळली जात होती. इमारतींमधल्या मुलांना मोठीच मौज वाटली. एकजण म्हणाला की त्याचा मामा दादरला राहतो आणि त्याला घरचा पत्ता पाठ आहे. दुसऱ्याने सांगितले की त्याच्या मामाकडे स्कूटर आहे. त्यावर गावातला एक मुलगा अगदी गंभीरपणे म्हणाला, “मग तर आनखी लांब चुकंल.”

मी कोणालाही आग्रह केला नाही. पुढे काही आठवड्यांनी गावातल्या मुलांनी आपापसांत विचारविनिमय करून एक तोडगा काढला. शाळेत सांगितलेली गोष्ट अभ्यासात मोडते, म्हणून ती दिवसाची गोष्ट धरायची नाही, असे त्यांनी ठरवले. हा निर्णय मला त्यांच्यातल्याच एकाने येऊन कळवला. त्यानंतर एकेक करून ती मुले पुढे येऊ लागली. पहिल्या रांगेतली ती मुलगी सर्वांत शेवटी आली. त्या वेळी ती तिसरीत होती.

तिच्याविषयी थोडे सांगायला हवे. तिचे वडील ती फार लहान असतानाच वारले होते. तिची आई तिला घेऊन माहेरी, म्हणजे भावाच्या घरी, राहायला आली होती आणि वालीवला पुठ्ठ्याचे खोके तयार करणाऱ्या एका कारखान्यात कामाला जात होती. घरात मामा, मामी, आई आणि ही मुलगी. मामा टेम्पो चालवी. संध्याकाळी जेवणे झाली की पडवीत बसून गोष्टी सांगण्याचे काम त्या घरात मामाचेच होते. म्हणजे तिने आमच्या वर्गात जी गोष्ट सांगितली ती मामाचीच होती, हातवाऱ्यांसह आणि मध्येच आवाज खाली आणण्याच्या लकबीसह. वर्ग स्तब्ध होऊन ऐकत होता. शाळा सुटल्याची घंटा झाली तरी कोणी उठले नाही.

त्याच दिवशी पहाटे मामा माल घेऊन गुजरातच्या दिशेने गेला होता. तो परत आला नाही. पुढे कळले ते असे की माल ठरल्या जागी पोहोचला होता आणि रिकामा टेम्पो परतीच्या रस्त्यावर एका ढाब्याबाहेर कुलूप लावून नीट उभा केलेला होता. टेम्पो मिळाला, माणूस मिळाला नाही. पोलिसांत तक्रार झाली, नातलग जाऊन आले, दवाखाने पाहिले. कोठेही काही समजले नाही.

मुलगी गप्प झाली. यात कोणाला नवल वाटले नाही, मलाही नाही. ज्या घरातला कर्ता माणूस असा नाहीसा होतो त्या घरातले मूल गप्प होणारच, असे आम्ही शिक्षकांनी एकमेकांना सांगितले आणि तिला तिच्या वेळेने सावरू द्यायचे ठरवले. तिसरीचे वर्ष संपले. वर्ग चौथीत गेला आणि आमच्या पद्धतीप्रमाणे वर्गाबरोबर मीही चौथीला गेले.

तिच्या मौनाला काही एक रचना आहे हे मला चौथीच्या सहामाहीत जाणवले. ती पाढे मोठ्याने म्हणत होती. कविता चालीवर म्हणत होती. परिसर अभ्यासाची उत्तरे देत होती. मात्र मराठीचा धडा प्रकट वाचायला सांगितला आणि त्यात “एका गावात एक” अशी सुरुवात आली, की तिचे ओठ मिटत. इतिहासाच्या तासालाही तेच. तोंडी परीक्षेत तिने गणितात कोठे चूक केली नाही आणि मराठीत धड्यातले एक वाक्यही उच्चारले नाही. दुःखाने मिटलेले तोंड विषय पाहून मिटत नाही. म्हणून एके दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला पायरीवर माझ्याजवळ बसवले आणि विचारले की कविता म्हणतेस, मग धडा का वाचत नाहीस?

“कविता गानं हाय, बाई.”

“आणि धडा?”

“धड्यात मानसं कुठं कुठं जातात. ती गोष्टच झाली.”

मग फारसे विचारावे लागले नाही. शाळेतली गोष्ट मोजायची नाही हे मुलांनी ठरवले होते खरे, पण ठरवणारी मुले ती कोण, असे तिला त्या दिवसापासून वाटत होते. तिने गोष्ट सांगितली आणि त्याच दिवशी मामा वाट चुकला. आता पुन्हा गोष्ट तोंडातून निघाली तर तो आणखी लांब जाईल. वर्षभराहून अधिक काळ ते मूल आपल्या परीने मामाला होता तिथे धरून ठेवत होते. आईला किंवा मामीला त्यातले काही सांगितले नव्हते, कारण सांगितले असते तर मामाला कोणी हरवले हेही सांगावे लागले असते.

मी शिक्षिका होते, तेव्हा आधी समजावून पाहिले. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी दिवसा गोष्टी सांगितल्या, त्यांतल्या कोणाचा मामा हरवला का, असे मी तिला विचारले. तिने थोडा विचार करून उत्तर दिले की त्यांचे मामा त्या दिवशी घरीच असतील. या उत्तरात तर्काची चूक दाखवणे सोपे नव्हते. पुढच्या शनिवारी मी वर्गाची दारे-खिडक्या लावून घेतल्या आणि आता अंधार झाला, आता चालेल का, असे विचारले. ती नम्रपणे म्हणाली, “बाई, बाहेर दिवसच हाय ना.” मुख्याध्यापकांनी गोष्टींचा तास काही काळ बंद करावा असे सुचवले. मला ते पटले नाही. तास बंद केला असता तर तिच्या समजुतीवर शाळेनेच शिक्का मारल्यासारखे झाले असते.

त्या दिवसांत मी या समजुतीचा बराच विचार केला. ज्या गावात भात लावायचे, कापायचे, मीठ ओढायचे, तेथे दिवसाउजेडी गोष्ट सांगत बसणे परवडणारे नव्हते. गोष्ट ही अशी वस्तू आहे की ती हातातले काम खाली ठेवायला लावते. तेव्हा तिला संध्याकाळनंतरची जागा नेमून दिली गेली असावी. मोठ्या माणसांना हा नियम सांगून पुरला असता. मुलांना मात्र धाक हवा, आणि धाक घालणाऱ्यांनी निवडलेला माणूस पाहावा. बाप नाही, काका नाही. मामा. सुट्टीत ज्याच्या घरी जायचे, जो खाऊ आणतो, जो रागावत नाही, आणि जो नेहमीच दुसऱ्या गावाहून वाट चालून येत असतो. तो वाट चुकावा असे कोणत्याही मुलाला वाटणार नाही. परीकथेतली राक्षसीण खोटी आहे हे मुलांना पक्के ठाऊक असते. गोष्ट केव्हा सांगावी आणि केव्हा सांगू नये याचे नियम मात्र त्यांना खरे वाटतात, कारण ते गोष्टीतल्या माणसांनी नव्हे, घरातल्या माणसांनी सांगितलेले असतात. म्हणून बाहेरून आलेल्या बाईचे त्या बाबतीत काही चालणार नव्हते. ज्या घराने नियम दिला होता त्याच घरात जाणे भाग होते.

थंडी ओसरत आली होती. शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. आई कामावर होती आणि मुलीला मी मुद्दाम मैत्रिणीकडे थांबायला सांगितले होते. मामी पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने मला बसायला पाट दिला, चहा ठेवू का विचारले, आणि मी नको म्हटल्यावर पुन्हा शेंगांकडे वळली. मला जे समजले होते ते मी क्रमाने सांगितले. सोललेले दाणे ताटात टाकण्याचा तिचा वेग बदलला नाही. माझे सांगून झाल्यावर ती म्हणाली की पोर जेवताना खाली मान घालून जेवते हे तिने पाहिले होते, पण ती मामासाठी झुरते असे त्यांना वाटले. तिला घरात कोणी कधी एका शब्दाने दोष दिला नाही. गोष्टी तर घरात संध्याकाळीसुद्धा बंदच झाल्या होत्या, कारण सांगणाराच नव्हता.

मी तिला एवढीच विनंती केली की तिने मुलीला जवळ घेऊन सांगावे, यात तुझा काही दोष नाही. असे सांगितले तर पोर मान हलवील आणि मनात तेच ठेवील, असे मामी म्हणाली. तिचे म्हणणे बरोबर होते. मीही तेच करून चुकले होते.

“तुमचा तो तास कदी असतो?” तिने विचारले.

शनिवारी ती आली. धुतलेले लुगडे नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, वर्गाच्या दारात चपला काढून उभी राहिली. मी खुर्ची पुढे केली, पण ती मुलांसमोर जमिनीवरच बसली. मी मुलांना सांगितले की आज पाहुण्या आपल्याला गोष्ट सांगणार आहेत. वाक्य पुरे होण्याआधीच ती मुलगी आपल्या जागेवरून उठून तिच्यापाशी गेली.

“मामी, नको.”

“बस, बाय.”

“मामा आनखी लांब जाईल.”

मामीने तिचा हात धरून तिला शेजारी बसवले. त्यानंतर ती जे बोलली ते वर्गातल्या सगळ्यांनी ऐकले, पण बोलली ती फक्त त्या मुलीशी.

“जो वाटेवर असतो तोच वाट चुकतो. तुजा मामा आता वाटेवर नाय. जिथं जायचा तिथं तो पोचला.”

“कुठं?”

“ते मना म्हाइत नाय. पन वाटेवर नाय.”

मुलगी तिच्याकडे पाहत राहिली. मी खिडकीपाशी उभी होते. एका बाईने नवऱ्याची वाट पाहणे कधी थांबवावे याचा निवाडा करणारी मी कोण, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि त्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. ती ते शब्द घरी, एकांतात बोलली असती तर पुन्हा मागे घेता आले असते. पण त्या उजेडात, सगळ्या वर्गादेखत आता ती गोष्ट सांगणार होती, म्हणजे त्या शब्दांवर स्वतःच चालून दाखवणार होती.

गोष्ट हसण्याची होती. एका राजाच्या महालाला लागून एका म्हातारीची झोपडी असते. म्हातारी इतकी घोरते की राजाची झोप उडते. राजा फर्मान काढतो की म्हातारीने घोरू नये. म्हातारी घोरणे थांबवते, तर सवय लागलेल्या राजाला शांततेत झोपच येईना. मग प्रधान, सेनापती, खजिनदार यांना पाळीपाळीने महालात घोरायला बसवतात, पण म्हातारीची सर कोणाला येत नाही. अखेर राजा स्वतः झोपडीच्या दारात येऊन विनवतो की आजी, घोरा. मामीने म्हातारीचे घोरणे काढून दाखवले, प्रधानाचे दाखवले, आणि वर्ग लोळायचा बाकी राहिला. मुलगी हसली नाही. पण तिने कानांवर हात ठेवले नाहीत आणि ती जागची उठली नाही. त्या गोष्टीत कोणीही घर सोडून प्रवासाला निघत नाही, हे माझ्या पुष्कळ उशिरा ध्यानात आले.

सोमवारी सकाळी मुलीची आई कामावर जाण्यापूर्वी शाळेत आली. मी तिला पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. ती भांडायला आली असती तर मला सोपे गेले असते. ती शांतपणे म्हणाली की पोरीसाठी जे केले ते बरे केले, काल रात्री तिने दोन वेळा वाढून घेतले. मग म्हणाली, “वैनी बोलली तो पोचला. मी नाय बोलले.” शाळेत काय हवे ते करा, पण माझ्या घरात दिवसाची गोष्ट नको, एवढे तिने मला सांगितले. दोघी जावा नव्हेत, नणंद-भावजय. एकाच चुलीवर जेवणाऱ्या. पुढचे काही दिवस त्या एकमेकींशी कामापुरतेच बोलत होत्या असे मला मुलीकडून कळले.

मी ती समजूत मुलीच्या छातीवरचा दगड म्हणून पाहिली होती. तोच दगड तिच्या आईने पायाखाली घेतला होता आणि त्यावर ती उभी होती, हे मला त्या सकाळी दिसले. दिवसा गोष्ट न सांगणे एवढेच भावासाठी करता येण्याजोगे तिच्या हाती उरले होते. मामा वाट चुकतो असे म्हणण्यात तो अजून चालत आहे हेही आलेच. परीकथा मुलांना काय शिकवतात याविषयी आम्ही शिक्षक पुष्कळ बोलतो. त्या मोठ्या माणसांना काय धरू देतात याविषयी मला प्रशिक्षणाच्या वर्गात कोणी काही सांगितले नव्हते.

मुलगी एकदम बोलू लागली नाही. आधी तिने धड्यातला एक परिच्छेद वाचला, त्यात माणसे नव्हती, पक्षी होते. नंतर पूर्ण धडा वाचला. वार्षिक परीक्षेच्या सुमारास एका शनिवारी ती न बोलावता पुढे आली आणि तिने राजाची आणि घोरणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगितली. घोरण्याचा आवाज तिला मामीइतका जमला नाही. मुलांनी तसे तोंडावर सांगितले, आणि त्यावर ती हसली.

परीक्षा संपल्यावर मी मुलांना सुचवले की सुट्टीत अधूनमधून कोणाच्या तरी घरी जमा आणि एकमेकांना गोष्टी सांगा. गावातल्या मुलांनी लगेच तिच्या घराचे नाव घेतले, कारण त्यांची पडवी सर्वांत ऐसपैस होती आणि तेथे दुपारी सावली असे. तिने मान हलवली. ती म्हणाली की मी कोणाकडेही येईन, शाळेतही सांगेन, पण आमच्या घरी दिवसा नको. इमारतीतला एक मुलगा, दादरच्या मामाचा, सहजपणे म्हणाला, “का? तुझा मामा तर पोहोचला ना?”

मी पुढे होऊन त्याला थांबवणार होते. तिने त्याची गरज ठेवली नाही.

“माजा मामा पोचला,” ती म्हणाली. “आईचा भाऊस आजून वाटेवर हाय.”

मुलांना हे समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि दुसऱ्या कोणाची तरी पडवी ठरवली.